दिएपची आकाशविहीर

आमच्या गल्लीतली घरं रुंदीला तीन मीटर ऐंशी आणि लांबीला पंधरा मीटर. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मागे मागच्या गल्लीतल्या घराची पाठ. उजेड येतो तो फक्त समोरून. त्यामुळे समोरची खोली कोणाला मिळाली आहे हे पाहिलं की त्या घरात कोणाचा शब्द चालतो ते समजतं. दिएपला लग्नानंतरच्या पंचवीस वर्षांत ती कधीच मिळाली नाही.

दिएप लग्नाचे आओ दाई, म्हणजे नवरीचे लांब रेशमी झगे, शिवते. आमच्या हायफोंग शहरातल्या निम्म्या नवऱ्या तिच्या मापाच्या वहीत आहेत, असं गल्लीत म्हणतात. शिलाई मशीन मात्र जुन्या घरात मधल्या खोलीत, ट्यूबलाइटखाली होतं. त्या उजेडात लाल, गर्द लाल आणि तपकिरी हे रंग एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात. दोरा जुळवायचा तर कापड उचलून दारापर्यंत यायचं, नीट बघायचं, परत आत जायचं. दिवसाला तीस-चाळीस खेपा होत. एकदा कंटाळून तिने खेप चुकवली आणि एका नवरीची अख्खी बाही तपकिरी दोऱ्याने शिवली गेली. ती उसवायला तिला दुपार पुरली नाही.

जुनं बैठं घर पाडून चार मजली बांधायचं ठरलं, तेव्हा तिचा नवरा टोआन सगळ्यांसमोर म्हणाला होता की या वेळी आधी हिची जागा, मग बाकीचं. टोआन बंदरात क्रेन चालवतो. माणूस शब्दाचा पक्का, आणि ते तो मनापासूनच बोलला होता.

त्यांची आणि आमची भिंत एकच. त्यांच्याकडे सामानाची बांधाबांध सुरू झाली होती, म्हणून नकाशाच्या बैठका आमच्या समोरच्या खोलीत होत. नकाशा काढायला टोआनचा चुलतभाऊ विन्ह यायचा. त्याने आयुष्यभर अशीच चिंचोळी घरं आखली आहेत. तो स्वतःही सडपातळ आहे, आणि धंद्यामुळेच असा झालो म्हणून सांगतो.

पहिला नकाशा सगळ्यांना आवडला. तळमजल्यावर पुढे स्कूटर ठेवायची जागा, मागे स्वयंपाकघर. पहिल्या मजल्यावर पुढे टोआनच्या आईची, लुआबाईंची खोली, मागे नवरा-बायकोची. दुसऱ्यावर पुढे मुलगा फोंग आणि त्याची होणारी बायको. मागची खोली दिएपचे थोरले दीर क्वांग यांच्यासाठी. ते हनोईला राहतात आणि वर्षातून एकदा नववर्षाच्या तेत सणाला येतात, पण थोरल्याची खोली म्हणजे थोरल्याची खोली. सगळ्यात वर पूर्वजांचा देव्हारा आणि कपडे वाळत घालायची गच्ची. घराच्या बरोबर मध्यावर, जिना संपतो तिथे, विन्हने छतापासून पहिल्या मजल्यापर्यंत उभी मोकळी जागा सोडली होती. आकाशविहीर. लांबीला दीड मीटर. तिच्या तळाशी त्याने एक छोटा चौकोन काढून आत मशीन दाखवलं होतं.

दिएपने त्या चौकोनावर बोट ठेवलं आणि पुष्कळ वेळ उचललं नाही. दुपारी बारा वाजता ऊन सरळ खाली येईल का, एवढंच तिने विचारलं. विन्ह म्हणाला, येईल.

दुसऱ्या बैठकीला लुआबाईंनी पायऱ्या मोजल्या.

आमच्याकडे जिना मोजतात तो जन्म, म्हातारपण, आजार, मरण असा. पाचवी पायरी पुन्हा जन्म. शेवटची पायरी जन्मावर आली पाहिजे, नाहीतर घर लाभत नाही. विन्ह हे जाणून होता आणि त्याने एकवीस काढल्या होत्या. पण तो वरच्या मजल्याची जमीन धरून मोजत होता. लुआबाई म्हणाल्या, जमीन ही जमीन, ती कुठली पायरी? मग उरल्या वीस, आणि विसावी म्हणजे मरण. विन्हने सांगितलं की शहरातले सगळे जमीन धरून मोजतात.

"शहरातल्यांना मोजू दे," लुआबाई म्हणाल्या. "चढायचं मला आहे, मोजणार पण मीच."

यावर कोणी हसलं नाही. त्यांच्या पहिल्या घरात माळ्याच्या शिडीला आठ पायऱ्या होत्या, आणि मधला मुलगा त्याच माळ्यावर तापात गेला, हे गल्लीतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. दिएपलाही ठाऊक होतं. तिने स्वतःच विन्हला सांगितलं की एक पायरी वाढव. पायरी वाढली की जिना पंचवीस सेंटिमीटर पुढे सरकतो. पुढे आकाशविहीर होती. दीड मीटरचे सव्वा झाले.

मग क्वांगदादांचा हनोईहून फोन आला. त्यांना पाठवलेल्या नकाशात देव्हाऱ्याच्या पाठीशी विहिरीची पोकळी दिसत होती. पूर्वजांच्या पाठीला भक्कम भिंत हवी, आणि वर्षश्राद्धाला चाळीस माणसं चटईवर बसतात ती कुठे बसणार? बोलणं अगदी मऊ, आईच्या तब्येतीची दोनदा चौकशी. देव्हाऱ्याची खोली मागे सरकली, भिंत आली. विहिरीच्या वरच्या तोंडाला पंच्याऐंशी सेंटिमीटर उरले. वरचं तोंडच लहान झाल्यावर खाली रुंद ठेवण्यात अर्थ नव्हता.

त्यानंतर विन्हच्याच लक्षात आलं की दुसऱ्या मजल्यावरचं संडास देव्हाऱ्याच्या बरोबर खाली येतंय. ते हलवायलाच हवं होतं. हलवायला घरात एकच जागा मोकळी होती. संडास आणि त्याचे नळ मिळून चाळीस.

नकाशावर विहीर राहिली पंचेचाळीस सेंटिमीटर. विन्हने तो कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसत बसला. टोआन कागदाकडे बघत होता. यात कोणाचं चुकलं म्हणावं, हे त्याला सापडत नव्हतं. मलाही सापडलं नाही. प्रत्येकाने मागितलं ते रास्तच होतं, आणि प्रत्येक वेळी घर एकाच ठिकाणी आक्रसत होतं.

दिएप उठली. शिंप्याचा खडू तिच्या खिशात असतोच. आमच्या फरशीवर तिने पंचेचाळीसची चौकट आखली, स्टूल आत ठेवलं आणि बसली. गुडघे चौकटीच्या बाहेर आले.

"वहिनी, इथे बसायचं तर सुईच व्हायला पाहिजे," विन्ह म्हणाला. त्याला वातावरण हलकं करायचं होतं. बोलून झाल्यावर त्याचाच चेहरा पडला.

फोंग म्हणाला की आई, माझी पुढची खोली तू घे. म्हणाला खरा, पण त्याची होणारी बायको शेजारी बसली होती आणि तिने मान खाली घातली. दिएपने तिच्याकडे पाहिलं आणि नको म्हणाली. पंचवीस वर्षांपूर्वी ती स्वतः याच घरात अशीच मान खाली घालून आली होती. लुआबाईंनीही आपली खोली देऊ केली. आपल्याला नाहीतरी तळमजल्यावर स्वयंपाकघराशेजारीच झोपायचं होतं, असं त्या सांगू लागल्या. तिथे खिडकी नाही, ओल आहे आणि त्यांना दमा आहे. दिएपने तेही नको म्हटलं.

ती बराच वेळ तळमजल्याचा कागद बघत राहिली. पुढच्या तीन मीटरवर विन्हने चार स्कूटर काढल्या होत्या, एकीला एक चिकटून.

"या सकाळी किती वाजता बाहेर पडतात?" तिने विचारलं.

टोआन म्हणाला, सातपर्यंत सगळ्या.

"आणि येतात?"

"साडेपाचला फोंगची पहिली."

"मग विन्ह, नकाशात माझी जागा कुठेच लिहू नकोस. माझ्या टेबलाला चाकं लाव, म्हणजे झालं. गाड्या गेल्या की मी येईन, गाड्या आल्या की मी जाईन."

टोआन म्हणाला, "अगं, आपलंच घर आहे. रोज काय सामान उचलत फिरणार?"

"आपलं आहे म्हणूनच उचलते," ती म्हणाली. "भाड्याचं असतं तर दुसरं बघितलं असतं."

टोआन उठला. तो बाहेर जाऊन दारात उभा राहिला. विन्हने पहिल्या मजल्यावरचा मशीनचा छोटा चौकोन खोडला आणि तिथे लिहिलं, कपाट.

घर बांधून आता दोन वर्षं झाली. सकाळी शेवटची स्कूटर गल्लीत उतरली की दिएप फरशीवरचं तेल पुसते, जुनी चादर अंथरते आणि टेबल ढकलत पुढे आणते. शटर पूर्ण वर. उजेड भरपूर. दोरा जुळवायला उठावं लागत नाही, रंगांची चूक तेव्हापासून झालेली नाही. नवऱ्या माप द्यायला येतात त्या मात्र गल्लीतून दिसू नयेत म्हणून जिन्याखाली जातात. सव्वापाचला ती टाचण्या वेचू लागते, कारण एक जरी राहिली तरी टायरमध्ये जाते आणि मुलगा काही बोलत नाही, नुसता पंप शोधतो.

रविवारी सगळे घरी असतात आणि स्कूटर हलत नाहीत. एका रविवारी मी वर्तमानपत्र घ्यायला बाहेर पडलो, तर त्यांचं शटर अर्धं वर होतं. आत चार गाड्या दाटीने उभ्या होत्या, आणि सगळ्यात पुढच्या गाडीच्या सीटवर, पाय एका बाजूला सोडून, दिएप बसली होती. मांडीवर लाल रेशीम, हातात सुई. ती गळपट्टी टाचत होती. मी विचारलं, आज सुट्टी नाही का?

"नवरीला नाही ना," ती म्हणाली आणि दोरा उजेडासमोर धरला.