कोरड्या नदीतला मुक्काम

ओपुवो गावातल्या पेट्रोलपंपाशेजारी माझी चहाची टपरी. तिला लागूनच उआझुवा टाटे पंक्चर काढतात; आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला मानानं टाटे म्हणतात, बाईला मेमे. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. लांबच्या वाटेला निघालेले आधी त्यांना विचारतात, मग टाकी भरतात. "जादा चाकं दोन घे. वाळू लागली की हवा कमी कर. अंधाराआधी थांब, रस्त्यात गुरं बसलेली असतात." सगळं तोंडपाठ.

फेस्टस आणि काइनो हे शिक्षक जोडपं काइनोच्या माहेरी निघालं होतं. फेस्टसनं विचारलं, "टाटे, होआरुसिब नदीच्या पात्रात मुक्काम केला तर? सावली छान आहे तिथं."

टाटेंचा कान रेडिओला. फुटबॉलचा सामना रंगात आला होता. "कोरडी ठणठणीत आहे. जा," मान वर न करता ते म्हणाले.

पूर्वेच्या डोंगरात धो धो पाऊस पडतोय, हे त्यांना सकाळीच एका ड्रायव्हरनं सांगितलं होतं. डोक्यावर स्वच्छ आभाळ असतानाही आमच्या नद्यांना लोंढा येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

दुसऱ्या दिवशी बातमी आली, नदीत एक गाडी वाहून गेली. टाटे हातातलं काम टाकून मिळेल त्या ट्रकनं धावले. दोघं एका खडकावर होती. काइनोला बाहेर ओढताना फेस्टसचा पाय गाडी आणि झाडाच्या मध्ये चिरडला होता. टाटेंनी त्याला पाठीवर घेऊन चढ चढवला.

पाय वाचला, पण गुडघा वाकेना. शाळेत मुलांना फुटबॉल शिकवायचा तो.

दवाखान्यात फेस्टस येईल त्याला सांगायचा, "या टाटेंमुळे जिवंत आहोत आम्ही." टाटेंना ते ऐकवेना. एकदा काइनोसमोरच म्हणाले, "नको रे, पोरा. पाऊस मला माहीत होता."

"मग बोलला का नाहीत?" काइनो म्हणाली.

"सामना चालू होता."

मग फेस्टसनं विचारलं, "कोण जिंकलं?"

टाटेंना आठवेना. काइनोनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

फेस्टस अजून टायर टाटेंकडेच आणतो, लंगडत उतरतो, माझ्याकडे चहा घेतो. काइनो गाडीतच बसते. टाटे काचेपाशी जातात, टोपी काढतात, म्हणतात, "मेमे, बरी आहेस ना?"

काच बंदच असते. टाटे तरी दर वेळी जातात.