भोंगा सातव्या मजल्यावर आहे

पन्नाशी उलटलेला माणूस दार ओढून एकटाच कॉम्प्युटरवर राक्षस मारत बसतो, म्हणजे तो वाया गेला, असं तुम्ही कशावरून ठरवलंत? ठरवलंतच ना? त्याच्या ताईनेही ठरवलं होतं आणि दाजींनी तर केव्हाच. तेव्हा जरा दम खा. आधी माणूस ऐका, मग काय तो निवाडा करा.

त्याला सगळे बर्फ्या म्हणायचे. कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. छताला टेकलेली मांडणी, त्यावर मटारांची पोती आणि माशांची खोकी, वर एक आजारी निळसर उजेड. आत शिरलं की नाकातले केस कडक होतात आणि भुवया पांढऱ्या. कोट इतका जाड की हात खाली सोडले तरी अंगाला टेकत नाहीत. अशा जागी माणूस एकटा आत जात नाही, जायचं ते जोडीनेच. आणि काम संपवून बाहेर आलं की एकाने दारात उभं राहून आत ओरडायचं, "आत कोण आहे?" मग कान द्यायचा. उत्तर आलं नाही, की दुसऱ्याने दार ओढून कडी घालायची. कारण ते दार आतून उघडत नाही.

बर्फ्या कडीवाला. ओरडणारा त्याचा जोडीदार, भोंगा. नाव उगाच पडलं नव्हतं. तो ओरडला की बाहेर ट्रकमध्ये डुलकी काढणारा ड्रायव्हर दचकून गाडी चालू करायचा. दोघांची सगळी नोकरी मांडणीच्या अल्याड-पल्याड गेली. एकमेकांना दिसायचे कमी, ऐकू यायचे जास्त. "सरक!" "धर!" "मेलास का?" "नाही अजून!" यालाच ते गप्पा म्हणायचे.

मग वरच्या साहेबलोकांना साक्षात्कार झाला, की दोघांचं काम एक माणूस आणि एक कॅमेरा करू शकतो. कॅमेऱ्याला थंडी वाजत नाही, चहा लागत नाही, त्याची कंबर धरत नाही. त्याला हाक मारता येत नाही, पण त्याचं कुणाला काय पडलंय! भोंग्याला घरी बसवला. तो लेकाकडे दूर राहायला गेला. सुरुवातीला फोन करायचा.

"हं."

"हं. काय म्हणतोस?"

"काय नाही. थंडी?"

"इथे नाही रे."

मग फोन ठेवायचे. आयुष्यभर मांडणीआडून ओरडून बोललेली माणसं, त्यांना कानाला लागून हळू बोलायचं जमेना. फोन कमी झाले, मग थांबले. भांडण नाही, काही नाही. असंच.

बर्फ्याने लग्न केलं नव्हतं. ताईच्या घरी वरच्या खोलीत राहायचा. भाची नोकरीला परगावी निघाली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर त्याच्या टेबलावर ठेवून गेली. त्यात तो खेळ होता.

"मामा, सांगून ठेवते. हा खेळ सगळे रडून अर्ध्यात सोडतात. तूही सोडशील."

"बघू."

"बघू काय, सोडशीलच. पहिल्या घुशीपाशी."

खेळाचं नाव त्याच्या जिभेला वळेना, म्हणून तो नुसतं पाताळ म्हणायचा. चार गडी निवडायचे, त्यांना नावं द्यायची आणि जिना उतरायचा. खाली काळोख. खेळ नकाशा देत नाही, आपला आपण काढायचा. बर्फ्या माशांच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून त्यांच्यावर काढायचा. खोलीला कायम मासळीचा वास. इथे मागे जाऊन चूक पुसता येत नाही. गडी मेला तर मेला. चौघांत दिवा एकच. ज्याच्या हातात दिवा त्याला शस्त्र धरता येत नाही, आणि तो आपणहून पाऊल टाकत नाही. पुढचा चालला तर मागून चालतो.

पहिल्या घुशीने बर्फ्याचे चारही गडी खाल्ले. भाचीचं म्हणणं खरं होणार असं दिसलं. तो उठला, तोंडावर पाणी मारलं, परत बसला. परत मेला. पण तिसऱ्या खेपेला त्याला कळलं, की घूस उजेडाकडे धावते. म्हणजे दिवेवाल्याला मागे ठेवायचा. चौथ्या खेपेला घूस मेली आणि हा गृहस्थ खुर्चीतून उठून खोलीत एकटाच दोन्ही हात वर करून उभा राहिला.

आता कळतंय का, त्याला काय लागलं होतं? बाहेरच्या जगात त्याला मार बसायचा, पण का बसला ते कुणी सांगायचं नाही. जोडीदार काढला, का? वरून आलंय. पगार अडला, का? वरून आलंय. पाताळात तो मेला की शोधायला बसायचा, आणि कारण सापडायचंच. दिवा पुढे होता. दाराला कान लावला नाही. हाव धरली. हा खेळ दया दाखवत नव्हता, पण फसवतही नव्हता. इतका सरळ वागणारा मालक त्याला जन्मात भेटला नव्हता.

आणि एक गोष्ट होती, जिच्यासाठी तो रोज कामावरून येऊन कोटाची बटणं काढता काढता कॉम्प्युटर लावायचा. त्या पाताळात जगभरचे खेळाडू हिंडत असतात, पण कुणी कुणाला दिसत नाही. दिसतात ती फक्त मागे राहिलेली माणसं. कुणाचा तरी गडी भिंतीला टेकून बसलेला असतो. त्याला उचलून जिन्यापर्यंत नेलं, तर ज्याचा त्याला परत मिळतो. मात्र उचलायला हात मोकळे हवेत. जमवलेलं सोनं तिथेच टाकावं लागतं. बक्षीस काही नाही. पडद्यावर एवढंच येतं, ‘एक जण घरी पोचला.’ बर्फ्याने बरेच जण पोचवले होते. कुणाचे, देव जाणे.

"त्या खेळात मी पण आहे म्हणे?" ताईने एकदा जेवताना विचारलं.

"आहेस. सगळ्यात पुढे. कुऱ्हाड घेऊन."

"मग बरोबर काढलंय," दाजी पेपराआडून म्हणाले.

ताईच्या मागे भाची, मग तो स्वतः, आणि शेवटी दिवा घेऊन भोंगा. या चौघांना घेऊन तो सातव्या मजल्यावर पोचला होता. तिथवर फार थोडे पोचतात.

एका रविवारी दुपारी तिथे घात झाला. मागून काहीतरी आंधळं, मोठं, सरपटत येत होतं. समोर लोखंडी दार, त्यापलीकडे जिना. ताई आत शिरली, भाची शिरली, तो शिरला, आणि त्याच्या बोटांनी दार लावून टाकलं. मेंदूला विचारलंच नाही. बाहेर पडलं की दार ओढायचं, कडी घालायची. उभी हयात तेच केलं होतं.

पडदा काळा झाला. दिवा पलीकडे राहिला होता.

त्याने भाचीला फोन लावला.

"दार लावलंस? अरे मामा, पाताळात दार कोण लावतं?"

"गारवा बाहेर जातो."

ती हसत सुटली. "पाताळात कसला गारवा! फ्रीज आहे का तो?" पण तो हसत नाही हे कळल्यावर तिने नीट सांगितलं. सातव्या मजल्यावरची वाट एका खेळाडूला एकदाच मिळते, मागून ढासळत जाते. त्याच्यासाठी ती संपली. दुसरा कुणी तिथून गेला तरच भोंगा सुटेल. मागे राहिलेल्याला तिथलं काही खात नाही, तो बसून राहणार, दिव्यात तेल आहे तोवर. तेल संपलं की पुसला जाणार.

"नवा गडी बनव की, मामा. तेच नाव दे."

"तेच नाव दिलं की तोच होतो का?"

मग ती म्हणाली, मागे राहिलेल्याला एक वाक्य देता येतं. कुणी जवळ आलं की तो ते म्हणतो. काय लिहू, तू सांग.

"मी लिहितो," तो म्हणाला.

सोमवारी कामावर सुटायच्या वेळी तो कोल्ड स्टोरेजच्या दारात कडी हातात धरून उभा राहिला. भोंगा गेल्यापासून तो रोज ही कडी घालत होता. हाक एकदाही मारली नव्हती. हाक त्याच्या वाट्याचं काम नव्हतं, म्हणून ते त्याला आठवलंच नव्हतं. कधी एखादा ड्रायव्हर बर्फ घ्यायला आत शिरलेला असता तर? त्याने कडी घातली नाही.

"काय झालं? लाव की," सुपरवायझर म्हणाला. पोरगेलासा माणूस, मनाचा वाईट नव्हे.

"हाक मारायला माणूस द्या. त्याशिवाय मी कडी घालणार नाही."

"हाक कुणाला मारायची? आत कोण असणार? इथे तू एकटाच तर आहेस!"

बर्फ्या कडी सोडून बाजूला झाला. सुपरवायझरने स्वतः कडी घातली. दुसऱ्या दिवशी दारावर कागद चिकटवलेला, ‘दार लावण्यापूर्वी हाक मारावी.’ माणूस मागितला तर कागद देतात! आणि वर म्हणतात, तुमची मागणी मान्य झाली.

तेव्हापासून तो दोन्ही कामं करतो. दारात उभा राहून ओरडतो. त्याचा आवाज बारीक, मांडणीच्या निम्म्यातही पोचत नाही. ड्रायव्हर हसतात. "बर्फ्या, कुणी ओ दिली का रे?" तो कान देतो, थांबतो, मग कडी घालतो.

घरी येऊन कॉम्प्युटर लावतो. खाली उतरत नाही आता. नुसती गड्यांची नावं बघतो. भोंग्याच्या नावापुढे एक ज्योत आहे. रोज जराशी बारीक होते. ताई खालून ओरडते, "अरे, अन्न निवतंय! खोट्या माणसासाठी किती बसशील?" तो म्हणतो, आलो. आणि बसून राहतो.

हे तुमच्यापैकी जे पाताळात उतरतात त्यांच्यासाठी लिहिलंय. सातव्या मजल्यावर लोखंडी दाराच्या अलीकडे भिंतीला टेकून एक दिवेवाला बसलाय. जवळ गेलात की तो म्हणेल, "आत मी आहे." तुमच्याजवळ जे सोनं असेल ते तिथेच टाका, आणि त्याला उचलून जिन्यापर्यंत आणा. लवकर जा, तेल थोडं उरलंय.