व्हायोलिनची तीन मिनिटं

अकोल्याच्या जठारपेठेत कुंदाताई चांदूरकरांना सगळे ओळखतात, पण त्यांचं व्हायोलिन ऐकलंय असं छातीठोकपणे सांगणारा माणूस शोधावाच लागेल. चाळीस वर्षं त्यांनी गायकांची साथ केली. गायकाने एखादी जागा घेतली की तीच क्षणभर मागून तारांवर उमटवायची, त्याच्या पुढे चुकूनही जायचं नाही, हे गुरुजींनी शिकवलं होतं आणि कुंदाताईंनी ते कधी मोडलं नाही. चांगली साथ म्हणजे ती आहे हेही कुणाला कळू नये. कुंदाताईंची साथ फारच चांगली होती.

त्यांच्या बासष्टाव्या वर्षी बडनेऱ्याचा अंकुर घरी आला. रेल्वेत नोकरी, खांद्यापर्यंत केस आणि स्वतःचा मेटल बँड. आठ गाण्यांचा अल्बम होत आला होता, आणि शेवटच्या गाण्यात त्याला गिटारच्या गदारोळात व्हायोलिन हवं होतं. त्याने मोबाइलवर ते गाणं लावलं, तसे कुंदाताईंचे यजमान रविकांतराव पेपर उचलून गच्चीवर निघून गेले. कुंदाताई मात्र बोटांवर मात्रा मोजत बसल्या. सात भरल्या. एवढ्या कल्लोळात एकही मात्रा जागची हलली नव्हती, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं. मधली तीन मिनिटं व्हायोलिनसाठी ठेवलीत, असं अंकुर म्हणाला. आजवर कुणी त्यांच्यासाठी तीस सेकंदही राखून ठेवले नव्हते. त्या हो म्हणून मोकळ्या झाल्या.

रविवारी बडनेऱ्यात, अंकुरच्या घरच्या वरच्या खोलीत रेकॉर्डिंग होतं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या होत्या. कुंदाताईंसाठी खाली सतरंजी अंथरली. त्यांनी तारा गिटारच्या पट्टीला उतरवल्या, सूर चोख लागले, पण ऐकून पाहिलं तर व्हायोलिन दर वेळी गिटारच्या किंचित मागे पडत होतं. पाचदा वाजवलं, पाचही वेळा तेच. ड्रम वाजवणाऱ्या सोहमने चाचरत सांगितलं की गाणी मिक्सिंगसाठी उद्याच पुण्याला पाठवायची आहेत, नाही जमलं तर एवढा भाग काढावा लागेल. वयाने हात जड झाला, असंच कुंदाताईंना वाटलं. मुकाट्याने व्हायोलिन पेटीत ठेवावं आणि अकोल्याची गाडी गाठावी, असं झालं.

अंकुर मात्र तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत होता. शेवटी त्याने कानांवरचे हेडफोन काढले.

"मले कळलं, काकू. तुमी चुकून नाही राहिल्या. तुमी कोनाची तरी वाट पाहून राहिल्या."

"तुझ्या गिटारची. मुख्य कलाकाराच्या पुढे जायचं नसतं रे."

"मंग गिटार काढूनच टाकतो. मुख्य तुमीच."

आता कानात नुसता ठेका उरला. कुंदाताई सवयीने थांबल्या. दोन आवर्तनं गेली, तीन गेली, सुरुवात कुणी करेना. ती आपल्यालाच करायची आहे हे लक्षात आलं, तेव्हा शाळेतल्या पोरीला स्टेजवर ढकलावं तशी त्यांची अवस्था झाली. तशाच घाबरत त्यांनी गज तारेवर टेकवला. पहिली ओळ कापरी आली, दुसरी सावरली, आणि मग हात सुटला तो सुटलाच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जागा वाजवताना आपल्या स्वतःच्या किती साठून राहिल्यात, हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. डोळ्यांना धार लागली होती, पण दोन्ही हात गुंतलेले, पुसणार कशी?

अंकुरने घाईघाईने गिटार गळ्यात अडकवली, म्हणाला, आता पुन्हा वाजवा, मी तुमच्यासोबत वाजवतो. पण गडी इतका हरखला होता की चौथ्याच आवर्तनाला भरधाव पुढे निघाला. कुंदाताईंनी गज उचलला आणि वाजवणं थांबवलं.

"अंकुर, पुढे पळू नकोस. माझ्या मागून ये."

अंकुरने निमूट मान डोलावली. हे वाक्य कुंदाताईंनी चाळीस वर्षं ऐकलं होतं. म्हटलं मात्र आजच.