लिंबू, स्पिरिट आणि छोटी गाडी

"जाधव साहेब, थांबा! रुळांवर नको!"

मी ओरडेपर्यंत लिंबू त्यांनी इंजिनापुढं मुठीत चिरडलंसुद्धा. साहेबांनी दोन्ही रुळांना हळदकुंकू फासलं, हात जोडले आणि समाधानानं माझ्याकडे पाहिलं. "कैकू ओरडता हो? पूजेशिवाय गाडी सोडतात का कुठं?"

मी कंट्रोलरचं बटण फिरवलं. इंजिन थरथरलं, हातभर गेलं आणि गप्प.

मी रेल्वेच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये मॉडेल रूमचा इन्स्ट्रक्टर होतो, जाधव साहेब माझे वरिष्ठ. खोलीभर मांडलेले छोटे रूळ, सिग्नल, स्टेशनं. होऊ घातलेले स्टेशन मास्तर त्यावर गाड्या घ्यायला-सोडायला शिकत. त्या वर्षांत रेल्वेची नवी विभागणी चालली होती. कुठलं ऑफिस कुठं जाईल, काही नेम नव्हता. 'नाहीतरी बंदच असतं' म्हणून आमचं मॉडेलही दुसऱ्या गावी हलवायचं घाटत होतं; मोठे साहेब स्वतः येऊन, पाहून काय ते ठरवणार होते. मॉडेल गेलं की मीही जाणार. बायको कोठी भागातल्या शाळेत शिक्षिका, अंबरपेठेत नुकतंच घर घेतलेलं. हैदराबाद सोडणं मला परवडणारं नव्हतं.

म्हणून कंबर कसली होती. रुळांच्या एकेका जोडावरून बोट फिरवलं. नख अडकलं तिथं कानस मारली. डबे हलके, वळणावर उडायचे. त्यांत शिशाचे तुकडे बसवले. मग अख्खी गाडी उलटी चालवली, कारण उलट्या चालीत लपलेला दोष लगेच उघडा पडतो. आदल्या दिवशी एकही डबा घसरला नाही. काय आनंद झाला होता म्हणून सांगू! आणि आज, मोठे साहेब यायच्या दिवशी, हे लिंबू.

गोम साधी आहे. छोट्या इंजिनाला वीज मिळते ती रुळांतून, चाकांवाटे. मध्ये चिकट थर आला की खेळ खलास.

"मोठे साहेब गेटवर आलेत," जाधव साहेब खिडकीतून म्हणाले. चेहरा पार उतरलेला. "माझंच चुकलं हो. आता?"

"बोलू नका, पुसा!"

वरिष्ठांना असं बोललो खरा! त्यांनी मुकाट्यानं बाह्या सारल्या. त्यांनी स्पिरिटनं रूळ पुसले, मी इंजिनाची चाकं. फडकं पिवळंधमक झालं.

मोठे साहेब आत आले. "ये चलती भी है?"

मी पुढं झालो. त्यांना स्टूल दिलं आणि कंट्रोलर हातात ठेवला. गाडी सुटली. वळण, पूल, बोगदा, स्टेशन... अहाहा, काय चालली! जाधव साहेब माझा दंड आवळून पुटपुटत होते, "हौ, हौ, चल, चल!" मोठे साहेब हसायला लागले. एक फेरी झाली, दुसरी झाली. चहा गार झाला तरी ते उठेचनात.

"इसको उखाड़ेंगे, तो वहाँ ऐसी ही चलेगी?"

"मुश्किल है साब. एकेक जोड इसी फर्शी पे बिठाया हूँ."

"तो रहने दो. यहीं."

ते गेल्यावर जाधव साहेबांनी मला चक्क मिठी मारली. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते.

तेव्हापासून एक कळलं. मोठ्या साहेबांपुढं अर्ज-विनंत्या करत बसू नये. बसायला स्टूल द्यावं, फिरवायला बटण द्यावं आणि आपण गप्प उभं राहावं.