दिवसाची मंगल, रात्रीची मंगल

“मॅडम, मी एवढं कमावते व्हय?”

मंगल बांडेनं कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि खुर्ची असून उभीच राहिली. मागं तिची मुलगी रेश्मा.

मी सावेडीत टॅक्सची कामं करते. जुलै म्हणजे आमचा रिटर्नचा हंगाम, जेवायला फुरसत नसते. पण मंगलला परत पाठवणं मला जमलं नाही. ती राजूरकडची. नर्सिंग ब्युरोमार्फत घरोघरी आजारी माणसांचं सगळं करते. नगरमध्ये अशा बाईला सगळे ‘सिस्टर’ म्हणतात, नर्सिंग शिकलेली असो वा नसो.

कागद होता फॉर्म सोळा-अ, चारही तिमाहींचा. ब्युरोनं वर्षात तुम्हाला किती दिले आणि त्यातून किती टीडीएस कापून सरकारात भरला, त्याचं हे सर्टिफिकेट. मंगलची कमाई त्यात खऱ्याच्या दुप्पट दिसत होती.

रेश्माला इथल्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली होती, सवलतीच्या हॉस्टेलमध्ये सीटही लागली होती. हा कागद बघून तिथला क्लार्क म्हणाला, उत्पन्न मर्यादेबाहेर जातंय. पुढच्या सोमवारपर्यंत दुसरा कागद आणा, नाहीतर सीट दुसऱ्या मुलीला देऊ.

“सीट गेली तर पोरीला गावाकडं न्यावं लागंल,” मंगल म्हणाली. “खोली परवडायची न्हाई. मीच चौघींत एका खोलीत ऱ्हाते.”

“दोन घरी काम करतेस का?”

“न्हाई ओ. एकच घर, अप्पांचं. लकवा झालाय त्यांना. सकाळी मी जाते, रात्री दुसरी सिस्टर येती.”

“तिचं नाव काय?”

“मंगलच.”

मी तिथल्या तिथं ब्युरोच्या मालकांना, भाऊसाहेबांना फोन लावला.

“आमचा हिशोब बरोबर आहे मॅडम,” ते म्हणाले. “समोरच आहे माझ्या. मंगल सिस्टर, अप्पांचं घर, दिवसपाळी. मंगल सिस्टर, अप्पांचं घर, रातपाळी.”

“मग ती झोपते कधी, भाऊसाहेब?”

पलीकडं पानं उलटल्याचा आवाज आला. त्यांच्या ॲकाउंटंटनं दोन बायकांची कमाई एकाच पॅन नंबरावर टाकली होती. आडनाव कुणी लिहिलंच नव्हतं. सिस्टरला कुठलं आलंय आडनाव!

भाऊसाहेब सावरले. “पण ते भरून झालंय. ॲकाउंटंट म्हणतो, आता काही होत नाही.”

माझं डोकंच फिरलं. “कसं होत नाही? करेक्शन स्टेटमेंट भरता येतं. ज्यानं कर कापला त्यानंच चूक दुरुस्त करायची असते, म्हणजे तुम्ही.”

“बघू पुढच्या महिन्यात.”

“पुढच्या महिन्यात रेश्मा राजूरला असेल, तिच्यामागं मंगलही जाईल. अप्पांची सून सिस्टर कुठंय विचारेल, तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.”

तासाभरात मी त्यांच्या ऑफिसात होते. दुसरी मंगल, पारनेरची मंगल ठुबे, रातपाळी करून झोपली होती. तिला फोन करून उठवलं, पॅनकार्डाचा फोटो मागवला. ॲकाउंटंटशेजारी खुर्ची टाकून मी चारही तिमाहींची करेक्शन्स भरून घेतली. दोन्ही मंगल आपापल्या नंबरावर गेल्या. तो पोरगा मधेच “उद्या करू का?” म्हणाला, तर मी नुसतं बघितलं त्याच्याकडं.

पुढचे दिवस जिवाला घोर. डिपार्टमेंटनं दुरुस्ती मान्य केल्याशिवाय नवा फॉर्म निघत नाही. मी येता-जाता पोर्टल उघडत होते. मिस्टर म्हणाले, “आपल्या मुलीच्या ॲडमिशनला एवढी तगमग नव्हती तुझी.” खरंच नव्हती.

शनिवारी दुपारी फॉर्म निघाला. सोमवारी मी स्वतः मायलेकींबरोबर हॉस्टेलवर गेले. क्लार्कनं जुना कागद पाहिला, नवा पाहिला. “एवढा फरक कसा?”

“जुन्यातली बाई वर्षभर झोपलीच नव्हती,” मी म्हटलं.

तो हसला आणि शिक्का मारला. मंगल बाहेर पायरीवर बसून रडली. मोठमोठ्या व्यापाऱ्यांची कामं मी निस्तरली आहेत, पण त्या दिवसाइतकी ताठ मानेनं मी ऑफिसात कधी शिरले नव्हते.

धडा साधाच. कामाच्या माणसाचं नाव आडनावासकट लिहावं.

दिवाळीत मंगलचा फोन आला. रेश्मा पहिल्या परीक्षेत पास झाली होती. नंतर पेढे घेऊन आल्या दोघी, तेव्हा मी विचारलं, “माझा नंबर कुठल्या नावानं ठेवलायस गं?”

तिनं मोबाईल पुढं केला. ‘टॅक्स सिस्टर’.