सुखरामची हजेरी

कुंदनला शर्ट घालायचा म्हणजे रीताची अर्धी सकाळ जायची. एक बाही चढवावी, तर तो दुसरी काढून ठेवायचा. त्या रविवारी तर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता आणि छातीवर पदक लावायचं होतं. पिन टोचून घेईल, म्हणून तिनं पदक आपल्या पर्समध्येच टाकलं.

“कुठं जाऊन राहिलो आपण?” त्यानं विचारलं.

“चर्चमधी. तुमचं नाव कोरलं ना दगडावर.”

“कायले? मी मेलो का?”

पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती हसली होती. आता अंघोळ झाली, चहा झाला, तरी तोच प्रश्न चालला होता. ती खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधू लागली.

नाकाडोंगरीच्या बाजूला मँगनीजच्या खाणी आहेत. तिथल्या एका खाणीच्या वसाहतीतच कुंदन वाढला. शेजारच्या चाळीतला सुखराम त्याचा जिवाचा दोस्त. दोघांचे बाप खाणीत, दोघांच्या आया चर्चमध्ये एकाच बाकावर. मिसरूड फुटत होतं तेव्हा दोघं मिळून फौजेत भरती झाले. एकाहत्तरची लढाई झाली. कुंदन परत आला, सुखराम आला नाही.

रीताचं लग्न त्यानंतरचं. तिनं सुखरामला पाहिलेलं नव्हतं. नवऱ्याच्या तोंडून त्याचं नावही कधी ऐकलं नाही. सुखरामची बायको चंदा वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला राहायची. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा विधवा झालेली. एकदा ती विचारायला म्हणून घरी आली होती, की शेवटी सुखरामचं काय झालं, जाताना तो काही बोलला का. कुंदन मागच्या दारानं निघून गेला तो अंधार पडल्यावर आला. त्यानंतर चंदा पुन्हा आली नाही. चर्चमध्ये दिसली की दोघी मान हलवायच्या, एवढंच. असं करता करता सगळ्यांचे केस पांढरे झाले.

फौजेतून सुटल्यावर कुंदन खाणीवर चौकीदार झाला. रीता खाणीच्या दवाखान्यात आया होती. लोकांचे गू-मूत काढून निवृत्त झाली आणि घरी तेच काम पुन्हा सुरू झालं. कुंदन आधी रस्ता विसरला, मग नागपूरला दिलेल्या रुचिकाचं, आपल्या पोरीचं, नाव विसरला. हल्ली तो रीतालाच सिस्टर म्हणायचा. “सिस्टर, मले घरी कधी सोडता?” ती म्हणायची, “उद्या.”

चर्चच्या दाराशी काळा दगड उभा केला होता. या चर्चमधून जे जे कोणी लढाईवर गेले, त्यांची नावं त्यावर होती. परत आलेल्यांचीही आणि न आलेल्यांचीही. फादर नवे होते, तरुण होते. एकेक नाव वाचत, मग घंटेचा एक टोल पडे आणि त्या घरची माणसं उभी राहत. उन्हात रीताचे डोळे मिटायला लागले होते.

“सुखराम,” फादरनी वाचलं.

पुढच्या रांगेत चंदा खुर्चीचा हात धरून उठत होती. तेवढ्यात रीताच्या बाजूला कुंदन ताडकन उभा राहिला. टाचा जुळलेल्या, छाती पुढे. महिनोन्‌महिने न ऐकलेला खणखणीत आवाज निघाला.

“लोटा लेकर गया है, साब! आ रहा है!”

मागं पोरं फिस्सकन हसली. रीतानं त्याची बाही ओढली, “बसा ना, बसा.” शरमेनं तिचे कान तापले. फादरनी पुढचं नाव वाचलं. ते कुंदनचंच होतं. तो मात्र आता बसून शर्टाच्या गुंड्या उघडत होता. त्याच्या वतीनं रीताच उभी राहिली.

नंतर चिंचेखाली चहा वाटत होते, तिथं चंदा आली. रीता म्हणाली, “बाई, माफ करा. ह्यांले काही समजत नाई आता.”

चंदानं ते ऐकलंच नाही. ती कुंदनसमोर वाकली. “भाऊजी, ते फौजेत गिनतीले, हजेरीले, उशिरा येत का?”

“रोजच,” कुंदन म्हणाला. “उठतच नाई ना! कंबल ओढून झोपते. मग मी सायबाले सांगतो, लोटा घेऊन गेला म्हणून. तू नको सांगू कोणाले.”

चंदा हसली. हसता हसता तिनं पदर तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढला नाही.

“घरी बी तसेच,” ती रीताला म्हणाली. “सासरे पाणी शिंपडून उठवत. मले वाटे, हे आता एका मलेच मालूम आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात उभी. रीताच्या मनात आलं, आता हिच्यासाठीही चहा मांडा. पण चंदानं स्वतःच चूल पेटवली, तीन कप केले आणि कुंदनच्या खाटेशी बसली. कधी तो सांगायचा, सुखरामनं त्याचा गूळ चोरून खाल्ला. कधी काहीच सांगायचा नाही. कधी चिडून कप फेकायचा, तेव्हा ती तुकडे गोळा करून पुन्हा बसायची. शेवटी काय झालं, हे तिनं एकदाही विचारलं नाही.

“काहून विचारत नाई, बाई?” एक दिवस रीतानं म्हटलं.

“ते तर सरकारच्या तारेत आलं होतं,” चंदा म्हणाली. “जा, तू आडवी हो थोडी. मी आहो इथं.”

रीता आतल्या खोलीत फरशीवरच आडवी व्हायची. झोप लागायचीच असं नाही. बाहेर दोघांचं बोलणं चाललेलं ऐकू यायचं आणि त्यातल्या कशालाच तिला उत्तर द्यायचं नसायचं.

कुंदन काही सुधारला नाही. थंडीत त्याचं चालणंही सुटलं. आता त्याची कूस बदलायची तर एक इकडून आणि एक तिकडून, अशा दोघी चादर धरतात. “घे,” चंदा म्हणते आणि रीता ओढते.