मच्छिंद्र मिस्त्रीचा न गळणारा जोड

आमच्या भोकरदन भागात विहिरीवर पंप बसवायचा म्हटलं की लोक आधी मच्छिंद्राला विचारायचे, मग मुहूर्त बघायचे. पाइपाच्या आट्यांवर सूत गुंडाळायचं, जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर अंगठ्यानं चोपडायचा आणि पान्यानं आवळायचं. काम एवढंच. पण त्याच्या हातचा जोड गळला, असं आजवर कुणाला दाखवता आलं नाही. कडूबाची विहीर ढासळली, पाइप वाकला, पंप गाळात गेला. जोड तेवढा ठणठणीत कोरडा. कडूबा पुढं वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो जोड दाखवायचा. विहीर दाखवायला राहिलीच नव्हती.

शहाऐंशी साली दोर निसटला आणि मच्छिंद्र विहिरीत पडला. पाणी कमी होतं, ते एका अर्थी बरं झालं, कारण त्याला पोहता येत नव्हतं. डावा पाय मात्र गुडघ्यात वाकेनासा झाला. विहिरीत उतरायचं तर गुडघा लागतो. ते काम बंद झालं.

त्याचे सासरे रखमाजी जाफराबादकडचे. चार म्हशी, एकच मुलगी. ते दर बाजारी यायचे, माझ्या दुकानातून तंबाखू घ्यायचे आणि समोरच्या मच्छिंद्राच्या घराकडं तोंड करून म्हणायचे, "जावईबापू, चला आमच्याकडं. म्हशीला गुडघा लागत न्हाई."

म्हणजे घरजावई. मच्छिंद्र दार लोटून घ्यायचा. एक दिवस त्यानं माझ्या दुकानासमोरच पत्र्याचं शेड ठोकलं आणि जाहीर केलं, की आजपासून आपण मोटारीचे मिस्त्री. विहिरीवरची डिझेल इंजिनं त्यानं शंभरदा खोलली होती. मोटारीचं इंजिन एकदाही नाही. रखमाजी म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. मंग सामान बांधायचं." बायको कांताबाई म्हणाली, "बरं." ती कुणाला म्हणाली ते दोघांनाही कळलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक अप्पाराव. त्यांच्या वडलांनी जालन्याच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली पन्नास सालची ऑस्टिन गाडी वीस वर्षं गोठ्यात उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. अप्पारावांच्या मनानं घेतलं, की येत्या भादव्यातल्या चतुर्थीला राजूरच्या गणपतीला याच गाडीतून जायचं. बैल लावून गाडी शेडात आणली. एक कोंबडी सोबत आली.

मच्छिंद्रानं दोन महिने खपून इंजिन बांधलं. सिलिंडरचा बोअर करून आणला, रिंगा नव्या, बेअरिंग नवे, प्रत्येक नळी रॉकेलनं धुतली. सुरू केलं तर पहिल्या झटक्यात लागलं. आम्ही नारळ फोडला. खोबरं वाटून होईतो इंजिनाच्या वरच्या अंगातून आवाज यायला लागला. टक, टक, टक. सुताराकडं बसल्यासारखं वाटत होतं.

"ऑइल वर येऊन न्हाई राह्यलं," मच्छिंद्र म्हणाला. पण ऑइलच्या दाबाचा काटा तर तोऱ्यात उभा. त्यानं ऑइल बदललं. टकटक. जाड ऑइल घातलं. टकटक, जरा सावकाश. खालचा चेंबर उतरवून ऑइलचा पंप खोलला, पुसला, परत बसवला. टकटक. चतुर्थी चार दिवसांवर आली.

त्यात बाजारचा दिवस. रखमाजी आले, शेडाच्या दारात उभे राहिले, थोडा वेळ आवाज ऐकला.

"टायमावर चालून राह्यली," ते म्हणाले. "घड्याळ म्हणून बराबर हाय."

"मामा, काटा बघा ना. प्रेशर पुरं हाय."

"काट्यावर बसून राजूरला जाणार का अप्पाराव? कांते, सामान काढ."

कांताबाई भाकरी घेऊन आली होती. ती नवऱ्याला म्हणाली, "पंप पाणी खेचून राह्यला अन् पाटात थेंब न्हाई, असं विहिरीवर झालं तर तुमी काय बघायचे?"

"मधला पाइप."

"मंग पंपाला काहून बडवून राह्यले तीन दिवस?"

मच्छिंद्रानं भाकरी ठेवली. इंजिनाचं वरचं झाकण काढलं आणि इंजिन तसंच उघडं सुरू केलं. ऑइल उडायला पाहिजे होतं. व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर कोरडे खडखडीत, वर-खाली नाचत होते. इंजिन बंद केलं. रॉकरचा दांडा चार ठोकळ्यांवर बसतो आणि ऑइल त्यातल्या एकाच ठोकळ्याच्या पोटातून वर चढतं. त्यानं तो ठोकळा उचलला. खाली बारीकसं भोक असायला हवं होतं. तिथं लालबुंद, दगडासारखी वाळलेली खपली होती आणि तिच्यावर अंगठ्याचा ठसा. इतका स्वच्छ, की तलाठ्यानं मान्य केला असता.

शेंदूर. जिथं लोखंडाला लोखंड भिडतं तिथं चोपडायचा, ही वीस वर्षांची सवय. जोड गळू नये म्हणून लावला होता. गळला नव्हताच.

रखमाजींनी मळलेली तंबाखू तशीच पुडीत परत टाकली, यावरून प्रसंग ओळखा.

मच्छिंद्रानं तारेनं भोक मोकळं केलं, बाकीचे तीनही ठोकळे खरवडले, सगळं परत बसवलं. इंजिन लावलं. अर्ध्या मिनिटात रॉकरांवर ऑइल चकाकलं, दांड्यावरून ओघळलं आणि आवाज हळूहळू विरत गेला. तेवढ्यात रस्त्यावरून अप्पाराव येताना दिसले.

मी हळूच म्हणालो, "जुना मळ निघाला म्हण. वीस वर्षं गोठ्यात होती, कुणालाबी पटंल."

तो चिंधीला हात पुसायला लागला. एकच गिऱ्हाईक, तेही गावभर बोलणारं. खरं सांगितलं तर कोण आपली मोटार देणार? आणि मोटारी आल्या नाहीत तर जाफराबादला म्हशी होत्याच.

"काय निघालं, मिस्त्री?" अप्पारावांनी विचारलं.

"माझाच शेंदूर, अप्पा. विहिरीवानी चोपडला. ऑइलची वाट मीच बुजवली. गाडीचा दोष न्हाई."

अप्पारावांनी तो शेंदूर बघायला मागितला. मच्छिंद्रानं खरवडलेली खपली कागदावर दिली. त्यांनी ती उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

"इंजिन चालत असताना ऑइल ह्याच्यातून पार झालं न्हाई?"

"न्हाई."

"एक थेंब?"

"न्हाई, अप्पा."

"मंग चतुर्थीला निघायचं."

गेलो. अप्पाराव चालवत होते, शेजारी मच्छिंद्र पाय सरळ करून. मागं मी, रखमाजी आणि कांताबाई. रखमाजींनी बसण्याआधी सीट हातानं चाचपून घेतली. राजूरपर्यंत मच्छिंद्र इंजिनाकडं कान देऊन बसला होता. देवळाजवळ गाडी थांबली तेव्हा त्यानं आधी बॉनेट उघडलं, मग चपला काढल्या.

परतीच्या वाटेवर अप्पाराव म्हणाले, "रखमाजी, दुसरा मिस्त्री असता तर म्हणला असता, सामान खराब. पुन्हा सामान आणायला लावलं असतं. ह्यो म्हणतो, मी खराब केलं. आता मला बराबर माहीत हाय की काय खराब होतं अन् कुणी सुधरवलं." मग रस्त्यावरची नजर न काढता मच्छिंद्राला म्हणाले, "उद्या ट्रॅक्टर पाठवतो. लई धूर फेकून राह्यला. शेंदूर नको लावू."

"न्हाई लावत."

"पाण्याच्या नळीला लाव. तिथं चालंल."

रखमाजी मुलीला म्हणाले, "कांते, म्हशीला गडी पाहावा लागंल."

"पाहा," कांताबाई म्हणाली. "अन् जल्दी पाहा. ह्यांना आता मोटारीतून सवड न्हाई."